जिन्नसवार तपशील

ज्या गावात पायताण शिवणारा कारागीर आणि ते घालणारा कुणबी एकाच वेशीच्या आत नांदत होते, त्या गावात पायताणाचे वर्णन करण्याचा प्रसंग कोणावरही येत नसे. कारागिराला घरोघरचे पाय ठाऊक असत; कोणाची टाच रुंद, कोणाचा अंगठा बाहेर वळलेला, कोण चिखलात राबणारा आणि कोण चावडीवर बसणारा, हे सारे त्याच्या हाताला पाठ असे; आणि मोबदल्याचा हिशेब सुगीच्या वेळी खळ्यावर, बलुत्याच्या धान्यात चुकता होत असे. मापाचा आकडा, रंगाचे नाव, किमतीचा निरख यांतले काहीच कागदावर उतरविण्याची तेथे गरज नव्हती. ती गरज निर्माण होते ती करणारा आणि घेणारा यांच्यात अंतर पडू लागले म्हणजे. आज कोल्हापुरातल्या एखाद्या चर्मकाराच्या घरी त्याची शिकलेली मुलगी मोबाइल पुढ्यात घेऊन ऑनलाइन दालनात आपल्या बापाच्या चपलेची नोंद करते, छायाचित्र चढविते, मापांचा तक्ता भरते, तेव्हा ती त्या अंतराच्या दीर्घ इतिहासाच्या अगदी अलीकडच्या टोकाशी बसलेली असते. या इतिहासात वस्तूचे वर्णन कोणी लिहिले आणि त्या वर्णनात करणाऱ्याला किती जागा मिळाली, हा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

वस्तूंची जिन्नसवार नोंद प्रथम ठेवली ती राजसत्तेने, आणि ती हशिलासाठी. जकातीच्या नाक्यावर बैल उभे राहिले की कारकुनाला गोणीत काय आहे एवढेच जाणून घ्यावयाचे असे. गूळ कोणत्या गुऱ्हाळातला, कातडे कोणी कमावलेले, हा तपशील त्याच्या कामाचा नव्हता. व्यापाराचे महत्त्व मात्र करवीर, म्हणजे कोल्हापूर, राज्याच्या धुरिणांना पुरते उमगले होते. अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात रामचंद्रपंत अमात्यांच्या नावे सिद्ध झालेल्या ‘आज्ञापत्रा’त साहूकारांविषयी स्वतंत्र विवेचन आहे, त्यांना राज्यात मानाने आणावे, पेठा वसवाव्यात असा त्याचा आशय असून, समुद्रमार्गे येणाऱ्या टोपीकर व्यापाऱ्यांविषयी सावधगिरीचा इशाराही तेथेच आहे. परंतु या विवेचनाचा नायक माल आणणारा व नेणारा साहूकार आहे. माल घडविणारा त्यात पुढे येत नाही. पुढे इंग्रजी अंमलदारांनी हीच दृष्टी अधिक शिस्तीने चालविली. मेजर ग्रॅहम यांचा कोल्हापूर संस्थानाविषयीचा अहवाल १८५४ साली छापला गेला आणि मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचा कोल्हापूरविषयक चोविसावा खंड १८८६ साली निघाला. त्या खंडात व्यापाराचे प्रकरण वेगळे आणि लोकजातींचे प्रकरण वेगळे. एकात माल आहे, दुसऱ्यात माणूस आहे. त्या दोन प्रकरणांमधली ती पाने ओलांडून कारागीर आपल्या वस्तूपर्यंत पोहोचू शकला नाही, ही गोष्ट त्या विद्वत्ताप्रचुर ग्रंथांविषयी पूर्ण आदर ठेवूनही नमूद केली पाहिजे.

अंतर खऱ्या अर्थाने वाढले ते आगगाडीने. तोवर कोल्हापूरचा माल सह्याद्रीचे घाट उतरून राजापूरसारख्या बंदरांकडे बैलांच्या पाठीवर जात असे. १८९१ साली मिरज ते कोल्हापूर हा लोहमार्ग खुला झाला आणि चारच वर्षांनी, १८९५ साली, तरुण शाहू छत्रपतींनी शाहूपुरी ही पेठ वसविली, ती मुख्यत्वे गुळाच्या व्यापारासाठी. पंचगंगेच्या खोऱ्यातला ऊस, काहिलीवर रात्रंदिवस जागणारा गुळव्या, उसाच्या रसाची मळी काढण्यासाठी घातला जाणारा रानभेंडीचा चिकट रस, चुलवणात सारले जाणारे चिपाड, आणि शेवटी साच्यात ओतून थंड केलेला गुळाचा रवा, हे सारे ज्या गावात घडे तेथून तो रवा आता गुजरातेतल्या अशा गिऱ्हाइकाच्या घरी जाऊ लागला की ज्याने पंचगंगा कधी पाहिलेली नव्हती.

येथे वर्णनाची एक संपूर्ण विद्या निर्माण झाली आणि ती अडत्याच्या पेढीवर वाढली. रव्याचा कोपरा फोडून व्यापारी रंग पाहतो, कणी बोटांत चुरून पाहतो, जिभेवर ठेवून खारटपणा आहे का हे अजमावतो. कोणता गूळ पावसाळ्यात टिकेल आणि कोणता पाझरेल, हे तो रव्याच्या कठीणपणावरून सांगतो. हा सगळा निर्णय मोडीत लिहिलेल्या पत्रात दोन-चार शब्दांत उतरत असे, आणि त्या दोन-चार शब्दांवर शेकडो मैलांवरचा व्यापारी रक्कम धाडीत असे. ज्याला आज आपण ऑनलाइन दालनातले वस्तुवर्णन म्हणतो त्याचा पूर्वज शोधावयाचा झाला तर तो मला या अडत्याच्या पत्रात दिसतो. कारण न पाहिलेल्या वस्तूवर लेखी शब्दाच्या आधारे विश्वास टाकण्याचा करार येथे प्रथम रूढ झाला. त्या विद्येला एक काळी बाजूही होती. महाराष्ट्रातल्या अनेक पेठांत रुमालाखाली बोटे दाबून भाव ठरविण्याचा शिरस्ता होता. शेतकरी शेजारी उभा असूनही आपल्या मालाला काय मोल पडले हे त्याला कळत नसे. मुंबई इलाख्यात १९३९ च्या कायद्याने नियंत्रित बाजारांची व्यवस्था आली आणि उघड्या सौद्याचा दंडक पडत गेला. १ मार्च १९४९ रोजी संस्थान मुंबई राज्यात विलीन झाल्यावर कोल्हापूरही त्या व्यवस्थेत आले. दिवाळीच्या पाडव्याला मार्केट यार्डात गुळाचा मुहूर्ताचा सौदा आजही निघतो, आणि भाव मोठ्याने पुकारला जातो. त्या पुकाऱ्याचे मोल ज्यांनी रुमालाखालचा व्यवहार वाडवडिलांच्या तोंडून ऐकला आहे त्यांनाच कळेल.

टपालाने माल मागविण्याची सोय १८७७ पासून, म्हणजे व्ही.पी. सुरू झाल्यापासून, हिंदुस्थानात होती. वस्तू दारात आल्यावर टपालवाल्याच्या हाती पैसे द्यावयाचे, हा क्रम आजच्या तरुणांना नवा वाटतो, पण तो त्यांच्या पणजोबांच्याही परिचयाचा होता. या व्यवहाराला साजेशी मराठी भाषा घडविण्याचे श्रेय मी कोल्हापूरच्या शेजारच्या किर्लोस्करवाडीला देईन. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९०३ साली लोखंडी नांगर तयार केला तेव्हा लोखंडाने जमीन नासते अशी शेतकऱ्यांची समजूत असल्याने तो बराच काळ पडून राहिला. वस्तू उत्तम असूनही ती समजावून सांगणारे शब्द नसतील तर तिचे काय होते, याचे हे ठसठशीत उदाहरण आहे. १९२० साली शंकरराव किर्लोस्करांनी ‘किर्लोस्कर खबर’ हे पत्र सुरू केले ते कारखान्याची आणि त्याच्या मालाची माहिती गिऱ्हाइकांपर्यंत पोहोचविण्यासाठी, आणि त्यातूनच पुढे ‘किर्लोस्कर’ हे मासिक उदयाला आले. मराठीतल्या एका मोठ्या वाङ्मयीन परंपरेचा उगम नांगराच्या माहितीपत्रात असावा, ही मला अत्यंत अभिमानाची गोष्ट वाटते. त्याच सुमारास खुद्द कोल्हापुरात बाबूराव पेंटर आपल्या चित्रपटांची भव्य भित्तिपत्रके रंगवीत होते; वस्तूचे चित्र हेच तिचे पहिले निवेदन असते, हे त्यांच्या कुंचल्याने या नगरीला शिकविले.

पण आपल्या मालावर आपले नाव लावून तो उघड्या बाजारात मांडणे ही गोष्ट त्या काळी सर्वांच्या वाट्याला येत नव्हती, आणि याचे कारण मालाच्या गुणात नसून माणसाच्या जातीत होते. अस्पृश्य गणलेल्या गंगाराम कांबळे यांनी शाहू छत्रपतींच्या साहाय्याने भाऊसिंगजी रोडवर चहाचे दुकान काढले आणि त्यावर ‘सत्यसुधारक हॉटेल’ अशी पाटी लावली; महाराज स्वतः तेथे गाडी थांबवून चहा घेत आणि बरोबरच्या मानकऱ्यांनाही तो घ्यावयास लावीत. कोल्हापूरच्या व्यापाराच्या इतिहासात त्या पाटीला शाहूपुरीच्या स्थापनेइतकेच महत्त्व द्यावे असे माझे मत आहे. विकणाऱ्याचे नाव झाकले तरच ज्याचा माल खपतो, त्याला बाजारपेठ खुली आहे असे म्हणता येत नाही. आणि चर्मोद्योगातल्या कारागिरांची स्थिती बव्हंशी अशीच होती. कातडे कमावणारा समाज वेगळा, शिवणारा वेगळा, आणि गादीवर बसून विकणारा पुष्कळदा तिसराच, अशा साखळीत चपलेबरोबर नाव गेले ते गावाचे.

त्या चपलेकडे आता वळले पाहिजे, कारण वर्णनाची खरी कसोटी तिच्यापाशी लागते. म्हशीच्या कातड्याचा तळ, बकऱ्याच्या कातड्याचे नाजूक काम, बाभळीची साल आणि हिरडा यांत कातडे कमावण्याची सावकाश रीत, खिळ्यावाचून चामड्याच्याच वादीने घातलेली शिवण, पायाच्या दोन्ही अंगांना पसरलेले कान, अंगठा, पट्टा, त्यावरची वेणी आणि गोंडा, ही तिची अंगे. तळाच्या थरांत ‘विंचू’ बसविला की चालताना जी करकर निघते, तिने एके काळी माणूस वळणावर दिसण्याआधी ओळखू येत असे. वेणी गुंफण्याचे आणि पट्टे विणण्याचे काम बहुतांशी घरातल्या स्त्रिया करतात. कापशी, पायताण, कचकडी, बक्कलनाळी, पुकारी असे तिचे प्रकार. पैकी कापशी हे नाव कागल तालुक्यातल्या सेनापती कापशीवरून आले. काम एकट्या कोल्हापुरात चालत नाही. मिरज, निपाणी, अथणी अशा सीमेच्या दोन्ही बाजूंच्या गावांत तेच हात तीच वेणी घालीत आले आहेत. शहरातल्या चप्पल लाइनीत उभे राहिले की या सर्व गावांचा माल एका ओळीत टांगलेला दिसतो, आणि जाणते गिऱ्हाईक कानाच्या कापावरून व तळाच्या वाकावरून त्यात निवड करते.

१९६० नंतरच्या दोन दशकांत पाश्चात्त्य तरुणांमध्ये या चपलेची आवड पसरली आणि नाव जगभर गेले. पण ते जाताना प्रकारांची नावे मागे राहिली. ‘कोल्हापुरी’ एवढे एकच विशेषण उरले आणि ते इतके सैल झाले की रेक्झिनच्या, यंत्रावर कापलेल्या, डिंकाने चिकटविलेल्या पादत्राणालाही ते बिनदिक्कत लावले जाऊ लागले. गुळाचीही हीच गत झाली. दुसरीकडचा गूळ कोल्हापूरच्या नावाने विकला जातो ही येथल्या बाजार समितीची जुनी तक्रार आहे. या गैरवापराला आळा घालण्याचे कायदेशीर साधन भौगोलिक निर्देशांकाच्या १९९९ च्या कायद्याने दिले. तो १५ सप्टेंबर २००३ पासून अमलात आला. कोल्हापुरी गुळाला ते मानांकन २०१४ मध्ये मिळाले. चपलेसाठी महाराष्ट्र व कर्नाटक या दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांनी मिळून खटपट केली, आणि २०१९ च्या सुमारास ते कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि धारवाड, बेळगाव, बागलकोट, विजापूर अशा आठ जिल्ह्यांना मिळाले. सीमाप्रश्नाने दुभंगलेल्या या मुलखात दोन राज्यांनी एका दाखल्यावर एकत्र नाव लावावे, याचे श्रेय चपलेला आहे.

आता या पार्श्वभूमीवर ऑनलाइन दालनातली नोंद पाहावी. फ्लिपकार्ट २००७ साली निघाले, ॲमेझॉनने आपले भारतीय दालन जून २०१३ मध्ये उघडले, आणि पुढच्या दशकात कोल्हापूरच्या लहान विक्रेत्यांपुढे एक नवा नमुना येऊन पडला की जो भरल्याशिवाय माल दिसतच नाही. वस्तूचे नाव, वर्ग, पांढऱ्या पार्श्वभूमीवरची छायाचित्रे, ठळक वैशिष्ट्ये, कमाल किरकोळ किंमत, वजन, खोक्याची लांबी-रुंदी, परतीची अट, मूळ देश, अशी रकान्यांमागून रकाने असलेली ती पाने आहेत. कराच्या वर्गवारीसाठी एक संकेतांक द्यावा लागतो. १९८८ पासून जगभर लागू झालेल्या सीमाशुल्काच्या सामाईक वर्गीकरणात चामडी पादत्राणांचा वर्ग ६४०३ आणि गुळाचा १७०१. नाक्यावरच्या कारकुनाची ती जुनी जिन्नसवारी येथे थेट पुन्हा भेटते. फरक इतकाच की ती भरण्याचे काम आता विक्रेत्यावरच येऊन पडले आहे. सहा ते अकरा अशी सहा मापे आणि तीन रंग धरले तर एका चपलेच्या अठरा नोंदी होतात, आणि प्रत्येकीचा शिल्लक साठा निराळा सांभाळावा लागतो. जेथे चार माणसांचे घर आठवड्याला मोजकेच जोड करते, तेथे या अठरा ओळी रोज खऱ्या ठेवणे हे स्वतंत्र काम होऊन बसते.

याहूनही मोठा अडसर कराच्या नोंदणीचा होता. दुकानात बसून माल विकणाऱ्याला वर्षाला ४० लाख रुपयांच्या उलाढालीपर्यंत वस्तू व सेवा कराची नोंदणी आवश्यक नसे. तोच माल ऑनलाइन दालनामार्फत विकावयाचा झाला तर पहिल्या रुपयापासून ती घ्यावी लागे. परिणामी कारागीर बाहेर राहिला आणि त्याचा माल घाऊक घेऊन आपल्या नावाने चढविणारा आत गेला. १ ऑक्टोबर २०२३ पासून ही अट राज्यांतर्गत विक्रीपुरती शिथिल झाली. म्हणजे कापशीचा कारागीर पुण्याच्या गिऱ्हाइकाला दालनामार्फत चप्पल धाडू शकतो. परंतु कोल्हापूरपासून तासा-दोन तासांच्या वाटेवरच्या बेळगावच्या गिऱ्हाइकासाठी त्याला नोंदणी हवीच. ज्या मानांकनाने दोन राज्यांना एक केले त्याच मानांकनाच्या मालाची अशी विभागणी व्हावी, ही विसंगती दूर करणे राज्यकर्त्यांना अशक्य नाही आणि त्यांनी ती दूर केली पाहिजे.

नमुन्याचे रकाने ज्यांनी आखले त्यांच्या डोळ्यांपुढे कारखान्यात एका साच्यातून निघणारी वस्तू होती, आणि कोल्हापुरी चप्पल त्या कल्पनेत सहजासहजी बसत नाही. हिरड्या-बाभळीत कमावलेल्या दोन कातड्यांचा रंग तंतोतंत एक येत नाही; छायाचित्रात मधाळ दिसलेली चप्पल हातात आल्यावर किंचित गडद निघाली की गिऱ्हाईक ती परत करते, आणि परतीच्या वाहतुकीचा भार पुष्कळदा विक्रेत्याच्याच माथी पडतो. नवी चप्पल आरंभी कठीण असते, तेल पाजल्यावर आणि काही दिवस वापरल्यावर ती पायाचा आकार घेते, हे चप्पल लाइनीतला दुकानदार तोंडी सांगतो. दालनात ते लिहून ठेवले नाही तर तोच तिचा दोष ठरतो. पायाचे चित्र कागदावर काढून मागवावे, रुंद पावलासाठी कोणता प्रकार घ्यावा हे सांगावे, पावसाळ्यात ती भिजू देऊ नये असे स्पष्ट बजावावे, अशा नोंदी ज्या घरांतल्या मुलामुलींनी आपल्या अनुभवाने लिहिल्या आहेत त्या मी मोठ्या आदराने वाचतो, कारण त्यांत शाहूपुरीच्या अडत्याची पारख आहे आणि गावातल्या कारागिराला असलेले पायाचे ज्ञानही आहे. शंभर वर्षांत प्रथमच वस्तू घडविणाऱ्या घराने स्वतः तिचे वर्णन लिहिले आहे. उलट ज्यांनी रेक्झिनच्या मालाला अस्सल कोल्हापुरी म्हणून त्याच पानांवर मांडले आहे त्यांची छायाचित्रे अधिक उजळ आणि किंमत निम्मी असते. दालनाच्या यंत्रणेला दोन्ही नोंदी सारख्याच.

जून २०२५ मध्ये मिलानच्या एका प्रदर्शनात प्राडा या इटालियन पेढीने कोल्हापुरीच्या वळणाची पादत्राणे मांडली आणि त्यांचे वर्णन केवळ चामडी सँडल असे केले. महाराष्ट्र चेंबर ऑफ कॉमर्सने पत्र लिहून हरकत घेतली, कोल्हापुरात संताप उसळला, आणि पेढीने या पादत्राणांची प्रेरणा भारतीय परंपरेतून आल्याचे मान्य केले. जुलैमध्ये तिचे प्रतिनिधी कोल्हापुरात येऊन कारागिरांना भेटून गेले. याच महिन्यात मुंबई उच्च न्यायालयाने यासंबंधीची जनहित याचिका फेटाळली. मानांकनाचे नोंदणीकृत धारक स्वतः दाद मागू शकतात, असा न्यायालयाचा रोख होता. डिसेंबर २०२५ मध्ये दोन्ही राज्यांच्या महामंडळांशी पेढीचा करार झाला. येथल्या कारागिरांच्या सहकार्याने सुमारे २००० जोड करून ते साधारण ८०० युरोंना विकण्याचे ठरले. या प्रकरणात लोकांना जे झोंबले ते नक्कल होण्यापेक्षा नोंदीतून नाव गळणे हे होते, आणि त्यांचा राग मला सर्वथा न्याय्य वाटतो.

त्याच वर्षी संत रोहिदास चर्मोद्योग व चर्मकार विकास महामंडळाने मानांकित चपलेवर क्यूआर संकेत लावण्याची योजना पुढे आणली. गिऱ्हाइकाने मोबाइल धरला की कारागिराचे किंवा उत्पादक गटाचे नाव, तो कोणत्या जिल्ह्यातला, कातडे कोणते, शिवण कशी आणि मानांकनाचा दाखला, हे समोर यावे अशी तिची रचना आहे. गॅझेटिअरच्या दोन प्रकरणांत विभागलेले माल आणि माणूस येथे एका नोंदीत आले आहेत. यापुढचे काम दोन जागी करावयाचे आहे. ऑनलाइन दालनांनी ‘कोल्हापुरी’ हा वर्ग निवडणाऱ्या प्रत्येक विक्रेत्याकडून हा दाखला मागावा आणि तो नसेल तर नोंद स्वीकारू नये. आणि महामंडळाने कर्त्याच्या रकान्यात घरच्या प्रमुखाबरोबरच वेणी गुंफणाऱ्या बाईचेही नाव लिहून घ्यावे, कारण अर्धी चप्पल तिची असते.